बाभळीचं चाक, बाभळीचा काटा : हवेशिवायचा टायर आपल्या रस्त्यावर चालेल का?

ज्यांना ऐकायला जमत नाही, बसमध्ये इअरफोन विसरतात, किंवा ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय सुचला तो कुर्डुवाडी रोडवर. भर उन्हात, दुपारी अडीचला, गाडीचं मागचं चाक बसलं. उतरून बघतो तर वेड्या बाभळीचा काटा. बोटाएवढा लांब, सुईसारखा सरळ. गाडी ढकलत ढकलत एका पत्र्याच्या शेडपर्यंत नेली. आत पंक्चर काढणारे काका बसलेले. समोर पाण्याची घमेली, कडेला कंप्रेसर, भिंतीवर लटकलेल्या जुन्या ट्यूबा. त्यांचं काम चालू असताना मी सहज फोनवर त्यांना एक व्हिडिओ दाखवला. तुम्हीही बघितला असेल. कारच्या चाकात हवाच नाही, टायरच्या जागी जाळीसारखे आरे, गाडी खिळ्यांवरून जाते आणि काहीच होत नाही. काकांनी तो पूर्ण बघितला. मग म्हणाले, "हे आलं की आमचं कसं?" आणि लगेच पुढे, "पण ते आपल्याकडे चालायचं नाही बघ."

पहिल्या वाक्यात काळजी होती आणि दुसऱ्यात खात्री. दोन्ही खरी असू शकतात का, हे शोधायला मी बसलो. तर झालं असं, की शोधता शोधता लक्षात आलं, हवेशिवायचं चाक ही काही भविष्यातून येणारी वस्तू नाही. बार्शीनं हवेशिवायची चाकं शेकडो वर्षं वापरली आहेत. नवीन आली होती ती हवा. आणि हवा आली तेव्हाही कुणीतरी अगदी हेच विचारलं असणार, "हे आलं की आमचं कसं?"

सुरुवात करू बैलगाडीच्या चाकापासून.

तुमच्यापैकी अनेकांनी लाकडी चाक फक्त हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेलं बघितलंय. पण ते चाक म्हणजे मोठं डोक्याचं काम होतं. मधे तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आणि बाहेरचा गोल एकाच लाकडाचा नाही, तर वाकड्या तुकड्यांचा, एकात एक अडकवलेला. लाकूड बहुतेक वेळा बाभळीचं, कारण बाभूळ चिवट, दणका खाते आणि आपल्या कोरड्या भागात कुठेही उगवते. सुतारानं चाक जोडलं की मग लोहाराची पाळी. तो लोखंडी पट्टीचा गोल करायचा, त्याला म्हणतात धाव. खरी गंमत इथे आहे. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद तापवायची. तापली की लोखंड प्रसरण पावतं, गोल मोठा होतो, तेवढ्यात ती चाकावर चढवायची, हातोड्यानं बसवायची आणि वर पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज, वाफ, आणि धाव आकसते. आकसताना ती सगळे सांधे असे घट्ट आवळते की एक खिळा न मारता चाक एकसंध होतं.

उन्हाळ्यात लाकूड वाळतं, धाव सैल होते. मग लोक गाडी ओढ्यातून नेत, चाकं पाण्यात भिजत ठेवत. म्हणजे देखभाल याही चाकाला लागायचीच. फक्त ते भर रस्त्यात फुसकन बसायचं नाही.

या चाकाचा दोष काय? धाव दोन-तीन बोटं रुंद. सगळा भार त्या अरुंद पट्टीवर. काळ्या जमिनीत पाऊस पडला की चाक सुरीसारखं रुतणार. खडीच्या रस्त्यावर ते चाकोरी पाडणार. 'चाकोरीबद्ध' हा शब्द आपण नोकरीसाठी वापरतो, पण ती चाकोरी मुळात याच धावेनं पाडलेली. आणि दणका? चाकात कसलीच लवचीकता नसल्यानं प्रत्येक दगडाचा धक्का आसावर, तिथून जुवावर, आणि जुवावरून बैलाच्या खांद्यावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता बार्शीची दुसरी हवेशिवायची चाकं. बार्शी लाईट.

बार्शी हे व्यापाराचं गाव. ज्वारी, तूर, कापूस, तेलबिया. बालाघाटाच्या वरचा माल इथे उतरायचा. पण मुंबई–मद्रास मार्गाचा लोहमार्ग टाकताना ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं बार्शी बाजूला ठेवली. स्टेशनला नाव दिलं 'बार्शी रोड', आणि ते होतं आजचं कुर्डुवाडी. मधलं पस्तीसेक किलोमीटरचं अंतर बैलगाडीनं. 'बार्शी तिथे सरशी' म्हणायचं आणि स्टेशनला जायला अख्खा दिवस मोडायचा, अशी अवस्था.

इथे एक माणूस येतो. एव्हरार्ड काल्थ्रॉप. इंग्लिश इंजिनिअर, १८८२ साली जीआयपी रेल्वेत नोकरीला भारतात आलेला. त्याच्या डोक्यात बसलं की या भागाला छोटी, स्वस्त रेल्वे पुरेल. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट.

पण काल्थ्रॉपची खरी करामत गेजमध्ये नव्हती, ती भाराच्या वाटणीत होती. त्यानं नियम घातला, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. इंजिन असो, डबा असो, मालवाघीण असो, सगळ्यांना तोच नियम. इंजिनाचं वजन जास्त, मग त्याला आस जास्त द्या. लीड्सच्या किट्सन कंपनीनं केलेल्या त्याच्या पहिल्या इंजिनांना भार ओढणारी आठ आणि मागे टेकू देणारी चार चाकं होती. भार असा पसरला, की यार्डाला जेमतेम तीस पौंड वजनाचे हलके रूळही पुरले. हलके रूळ म्हणजे स्वस्त रूळ, आणि म्हणून रेल्वे परवडली. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, वारकऱ्यांची झाली. १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली, आणि एकविसाव्या शतकात रुंद रूळ पडेपर्यंत ती आपली बार्शी लाईटच राहिली.

(एक आडवळण घेतो, राहवत नाही. हाच काल्थ्रॉप पुढे पॅराशूट करायच्या नादाला लागला. रोल्स-रॉइसमधला तो रोल्स, चार्ल्स रोल्स, १९१० मध्ये विमान अपघातात गेला. तो काल्थ्रॉपचा मित्र. त्यानंतर यानं 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. बार्शीची रेल्वे आणि वैमानिकांचं पॅराशूट, एकाच डोक्यातून! यावर कधीतरी वेगळा भाग करू.)

टायरच्या विषयात रेल्वे कशाला, असं वाटेल. कारण चाकाचा सगळा इतिहास एका भांडणात बसतो. खडबडीत जमीन आणि कडक चाक यांचं जमत नाही. मग दोनच उपाय. एक, रस्ता गुळगुळीत करा. दोन, चाक मऊ करा. काल्थ्रॉपनं पहिला उपाय केला. पोलादी रूळ टाकला की पोलादी चाक हवेशिवाय झक्क चालतं, आणि ओढायला जोरही कमी लागतो. पण रूळ प्रत्येक वावरात नेता येत नाही. बार्शी स्टेशनपासून पुढे पुन्हा बैलगाडीच.

दुसऱ्या उपायाची गोष्ट फार मजेदार आहे, कारण तो शोध दोनदा लागला.

रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाचा स्कॉटिश तरुण. वय तेवीस. १८४५ साली त्यानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. रबर चढवलेल्या कापडाची नळी, तिच्यात हवा, बाहेरून चामड्याचं आवरण. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्यानं घोडागाडीला ही चाकं लावून दाखवली. गाडी आवाज न करता जायची. एक संच तर सुमारे १,२०० मैल चालला म्हणतात. तरीही धंदा झाला नाही. रबर महाग, चाक बनवायला किचकट, आणि मुख्य म्हणजे गरज कुणाला होती? सायकल अजून जन्मायची होती, मोटार तर लांबच. लोक विसरून गेले.

आता पुढचं ऐका. हाच थॉमसन, हवेच्या टायरचा मूळ जनक, १८६७ साली रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनासाठी चाकं करतो, आणि ती करतो भरीव रबराची! हवा नाही. का? तर इंजिन प्रचंड जड, आणि त्या काळातल्या कुठल्याही नळीला तो भार पेलला नसता. त्याची ही इंजिनं भारतातही आली. क्रॉम्प्टन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८७० च्या दशकात पंजाबात त्यांच्यावर रस्त्यावरची आगगाडी चालवून बघितली. इंजिनांची नावं नद्यांवरून, एकाचं 'चिनाब', एकाचं 'रावी'. म्हणजे हवेशिवायच्या रबरी चाकाचा प्रयोग भारतात दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय. वजनदार आणि सावकाश चालणाऱ्या गाडीला भरीव चाक बरं, हे थॉमसनला तेव्हाच कळलं होतं. आज तुमच्या मार्केट यार्डात किंवा गोदामात फोर्कलिफ्ट आली तर तिची चाकं बघा. बहुतेक भरीव रबराचीच असतात.

दुसरा शोध बेलफास्टचा. जॉन बॉइड डनलॉप. हा जनावरांचा डॉक्टर. १८८८ साली पोराच्या तीनचाकी सायकलला दगडी रस्त्यावर दणके बसतात म्हणून यानं लाकडी चकतीला पातळ रबराची नळी गुंडाळली, हवा भरली. मग सायकलचं जुनं भरीव चाक आणि हे नवं चाक दोन्ही अंगणात ढकलून दिली. जुनं थोडं जाऊन पडलं. नवं अंगण ओलांडून पार पलीकडे गेलं. इतका साधा प्रयोग. पेटंट मिळालं, आणि दोनेक वर्षांत ते रद्दही झालं, कारण कुणीतरी थॉमसनचा जुना कागद शोधून काढला. पण तोवर सायकलींची लाट आली होती. पेटंट गेलं, नाव राहिलं.

१८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस–बोर्दो–पॅरिस या शर्यतीत हवेच्या टायरवर मोटार उतरवली. रस्ताभर पंक्चर. नंबर-बिंबर काही आला नाही. पण मोटारीचं वजन हवा पेलू शकते हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं. १९१७ मध्ये अमेरिकेत गुडइयरनं अ‍ॅक्रन ते बोस्टन असा ट्रक हवेच्या टायरवर पाठवला, तेव्हाही पहिल्या फेरीत टायर फुटून फुटून बेजार. त्या काळी जड ट्रक आणि बस भरीव रबरावरच चालायच्या, आणि जाणकार म्हणत की हेच बरोबर आहे. हवा जिंकली ती वेगामुळे. भरीव रबर वेगात चाललं की तापतं. दर फेरीला दबतं, सुटतं, दबतं, सुटतं, आणि आतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते. शिवाय दणके गाडीची आणि रस्त्याची दोघांचीही हाडं खिळखिळी करतात. ब्रिटनमध्ये तर १९२८ च्या सुमारास नियमच आला की हवेच्या टायरच्या जड गाड्यांना जास्त वेग, भरीव टायरच्यांना कमी.

हवा नेमकं काय करते, हे एकदा आकड्यात बघू. समजा माणसांसकट बाराशे किलोची कार. एका चाकावर तीनशे किलो. टायरमध्ये तीस पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. तीनशेला २.१ नं भागा. उत्तर सुमारे १४० चौरस सेंटिमीटर. म्हणजे तुमचा तळहात बोटांसकट जेवढा, तेवढाच टायर जमिनीला टेकलेला असतो. भार वाढला की टायर आपोआप थोडा जास्त बसतो, जास्त जमीन पकडतो. खडा आला की तेवढाच भाग आत दबतो, अख्खं चाक उचललं जात नाही. आणि हे सगळं ज्या वस्तूमुळे होतं ती वस्तू पेट्रोल पंपावर फुकट मिळते.

आता परत घरी येऊ. भारतात हवा आली तेव्हा काय झालं?

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि रस्त्यांची वाट लागली. १९२७ मध्ये सरकारनं समिती नेमली, अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. १९२८ ला अहवाल आला. त्यातून पुढच्याच वर्षी दर गॅलन पेट्रोलवर दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. आज तुम्ही पेट्रोलच्या दराला शिव्या घालता, त्यातला रस्त्याचा वाटा इथून सुरू होतो!

त्या वेळचं रस्त्याचं दुखणं असं होतं. खडी, मुरूम आणि पाणी टाकून दाबलेला रस्ता बैलगाड्यांसाठी होता. लोखंडी धाव खडी चिरडते, चाकोरी पाडते. पण चिरडलेल्या खडीची भुकटी परत फटीत बसून रस्ता थोडाफार बांधूनही ठेवायची. मोटार आली, तिचं मऊ रबरी चाक वेगात जाताना ती भुकटी शोषून वर उडवायचं. मोठी खडी उघडी पडायची. मग त्यावरून लोखंडी धाव. म्हणजे एक चाक सोलणार आणि दुसरं फोडणार. डांबराचा आग्रह वाढला तो यातून. आणि सोबत दुसरी सूचना, बैलगाडीचंच चाक बदला.

१९३६ मध्ये डनलॉपनं बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला कारखाना काढला. बैलगाडीसाठी खास टायर निघाले. उत्तरेत काही भागांत अशा गाडीला लोक सरळ 'डनलॉप'च म्हणायला लागले. आपल्याकडे नाव पडलं टायरगाडी. पुढे तर जीप-ट्रकचे उतरलेले जुने टायरही बैलगाडीला लागले. आपल्या देशात टायर एका जन्मात मरत नाही. ट्रकला झिजला की रिमोल्ड होतो, मग बैलगाडीला जातो, मग त्याच्या चपला होतात, आणि शेवटी लहान पोरं तो काठीनं पळवतात.

टायरगाडीनं बैलाला सुख दिलं, यात वाद नाही. मऊ वावरात चाक रुतेना. खांद्यावरचा दणका कमी झाला. आणखी एक गोष्ट, जी आपण टायरच्या खात्यावर जमा करतो पण ती टायरची नाही. या गाड्यांच्या आसाला बेअरिंग होती. जुन्या गाडीत लाकडी तुंबा वंगण लावलेल्या लोखंडी आसावर घासत फिरायचा. निम्मं सुख बेअरिंगचं होतं, असं माझं मत आहे.

पण मग काय झालं? बैलाला सोपं जातंय म्हटल्यावर माणसानं ओझं वाढवलं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात हंगामात कुठल्याही साखर कारखान्याच्या गेटवर उभे राहा. दोन-दोन टनांच्या वर ऊस रचलेल्या टायरगाड्या, आणि पुढे जीभ बाहेर आलेली बैलं. ऊसतोड कामगारांत तर 'टायर सेंटर' असा शब्दच आहे. टायरगाडी बहुतेकदा कारखान्याकडून भाड्यानं घ्यायची, बैल तोडणीवाल्याचे. हवेनं वाचवलेली ताकद बैलाच्या वाट्याला आली नाही, ती टनात मोजली गेली. नवं तंत्र आलं की त्याचा फायदा कुणाच्या खिशात जातो, हे यंत्र ठरवत नाही.

आणि सुतार-लोहार? जुनं चाक गावात जन्मायचं आणि गावातच दुरुस्त व्हायचं. बाभूळ बांधावरची, आग गोवऱ्यांची, कसब गावातल्या दोन घरांचं. टायरगाडीचा आस, बेअरिंग, रिम, टायर सगळं बाहेरून आलं. सुताराकडे राहिली वरची साटी. लोहाराची धाव गेलीच. त्या बदल्यात रस्त्याकडेला नवा माणूस उगवला. पंक्चरवाला. महामार्गावर तर थेट केरळहून आलेली माणसं टायरची दुकानं टाकून बसली, अजून आहेत.

म्हणजे बघा, बाभळीचं चाक गेलं आणि बाभळीचा काटा राहिला. त्या काट्यावर एक अख्खा धंदा उभा राहिला. आता तो धंदा जाईल का?

आजची परिस्थिती अशी. मिशेलिननं २००५ मध्ये 'ट्वील' नावाचं चाक दाखवलं. टायर आणि चाक एकच, मधे हवेऐवजी लवचीक आरे. आज ते गवत कापायच्या यंत्रांना आणि बांधकामावरच्या छोट्या लोडरला लागतं. सावकाश चालणाऱ्या, काट्याकुट्यात फिरणाऱ्या यंत्रांना. थॉमसनची आठवण आली ना? मग २०१९ मध्ये 'अप्टिस' आला, जनरल मोटर्ससोबत, प्रवासी कारसाठी. तेव्हा लक्ष्य सांगितलं होतं २०२४. २०२३ मध्ये सिंगापूरला डीएचएलच्या डिलिव्हरी व्हॅनना ही चाकं लावली, मग फ्रान्सच्या टपाल खात्याच्या गाड्यांना. २०२४ उलटून गेलं, पण तुम्ही-मी दुकानात जाऊन कारला लावून घेऊ असा टायर अजून आलेला नाही. ब्रिजस्टोन, गुडइयर यांचेही प्रयोग चालू आहेत. मिशेलिनचं म्हणणं, जगात दरवर्षी वीस कोटींच्या आसपास टायर पंक्चर, फाटणं किंवा हवा कमी-जास्त राहिल्यानं वेळेआधी भंगारात जातात. हा आकडा विकणाऱ्याचा आहे हे खरं, पण मुद्दा खोटा नाही.

या आऱ्यांची एक गंमत सांगतो. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर असतो, तो दाबला जातो. काठीवर टेकून उभं राहावं तसं. नव्या चाकात उलटं. भार वरच्या आऱ्यांना टांगलेला असतो, ते ताणले जातात, आणि खालचे आरे नुसते वाकतात. झोपाळ्यासारखं. म्हणून ते मऊ चालतं. दिसायला आजोबांच्या गाडीचं चाक, आतून झोपाळा.

हवेशिवायच्या चाकानं लांबची मजल मारली ती चंद्रावर. १९७१ ते ७२ मध्ये अपोलो १५, १६ आणि १७ च्या गाड्यांना विणलेल्या पोलादी तारेची चाकं होती, वर टायटॅनियमच्या पट्ट्या. रबर नाही, हवा नाही. अपोलो १७ ची गाडी तीन दिवसांत मिळून एकूण ३५.९ किलोमीटर चालली. म्हणजे आपलं बार्शी ते कुर्डुवाडी! आणि वेग? ताशी अठरा किलोमीटरच्या आत.

आता काकांचं दुसरं वाक्य. "आपल्याकडे चालायचं नाही." मी यावर बराच विचार केला आणि मला वाटतं, ते बऱ्याच अंशी बरोबर आहेत. पण कारण महागाई एवढंच नाही.

पहिलं कारण काळी माती. आऱ्यांच्या फटीत वैराग रोडच्या पावसाळी वावरातला चिखल भरला आणि दुसऱ्या दिवशी उन्हानं वाळला, की त्या चाकात एका बाजूला दगड बांधल्यासारखं होईल. वेगात गाडी थरथरणार. कडेनं झाकण लावता येतं, पण मग आत गेलेलं बाहेर कसं काढायचं?

दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि त्याला उत्तर मला कुठे सापडलं नाही. हवेचा टायर कमी-जास्त करता येतो. टेम्पो रिकामा असेल तर हवा कमी, भाजीपाला भरला तर दोन पीएसआय जास्त. ट्रॅक्टरवाला नांगरताना हवा उतरवतो, रस्त्यावर चढवतो. आऱ्यांचा कडकपणा मात्र कारखान्यात एकदा ठरतो. सिंगापूरच्या व्हॅनला रोज साधारण तेवढाच भार असतो. आपल्याकडे दहा जणांच्या वडापमध्ये किती बसतात हे मी सांगायला नको. भरलेल्या गाडीला बेतलं तर रिकामी गाडी दणके खाणार, रिकामीला बेतलं तर भरल्यावर चाक बसणार. काल्थ्रॉपचं आठवा. त्याचं लोखंडी चाक चाललं, कारण आसावर पाच टन म्हणजे पाच टन, हा नियम त्यानं मोडू दिला नाही. भाराची शिस्त असेल तिथे हवेवाचून भागतं. जिथे ती नाही तिथे हवा आपली चूक पोटात घेते.

तिसरं, कायदा. आपले केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे, आणि ते टायर म्हणजे हवेचाच टायर असं धरून चालतात. अर्थात नियम बदलतात. २०२० मध्ये बदल झालाच, की साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. आणि माझ्या मते पंक्चरवाल्या काकांना खरा धक्का तिथूनच बसतोय. ट्यूबलेस आला तेव्हा घमेल्यातलं पाणी, ट्यूब बाहेर काढणं, पॅच चिकटवणं हे अर्धं काम गेलं. आता लोक घरीच किट आणि छोटा पंप ठेवतात. काही जण टायरमध्ये आधीच सीलंट ओततात. हवेशिवायचा टायर येण्याआधीच, हवेचा टायर पंक्चरवाल्यावाचून जगायला शिकतोय.

मग माझा अंदाज काय? आधी येईल तो शहरात. ठरलेल्या भाराच्या, ठरलेल्या रस्त्याच्या गाड्यांना. डिलिव्हरीची व्हॅन, कॅम्पसमधली बॅटरी गाडी, भाड्याची सायकल, व्हीलचेअर. त्यातल्या काहींना भरीव चाक आजच आहे. सावकाश चालणाऱ्या शेती-अवजारांना मग. तुमच्या-माझ्या मोटारसायकलला, ट्रिपल सीट आणि पुढे गव्हाचं पोतं असताना, इतक्यात नाही. आणि ऊस ओढणाऱ्या टायरगाडीला तर कोण देणार? तिथे अजून उतरलेलेच टायर जातात.

मी त्या दिवशी निघताना काकांना हे सगळं माहीत नव्हतं तेव्हाचंच उत्तर दिलं, "नाही येत हो लवकर." परवा पुन्हा गेलो, हा भाग रेकॉर्ड करण्याआधी. शेडमध्ये नवीन यंत्र दिसलं, चाकाचं बॅलन्सिंग करायचं. कर्ज काढून घेतलंय. म्हणाले, पोरगा अलाइनमेंटचं काम शिकायला पुण्याला गेलाय. "चाक कसलंही असू दे, सरळ तर चालायला पाहिजे ना."

काट्याचे पैसे मात्र त्यांनी घेतले. तो काटा माझ्या टेबलावर आहे.

तुमच्या घरात, गावात कुणी धाव चढवलेली बघितली असेल, चाक जोडणारा सुतार अजून असेल, तर त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. पाच मिनिटं चालतील. आवाजात वाऱ्याची घरघर आली तरी हरकत नाही.